मोठ्यांनी हाताची घडी घालावी

आमच्या बालवाडीच्या बाई पोरांना कधी हाताची घडी घालायला लावत नसत. मोठ्यांना लावत. हाताची घडी, तोंडावर बोट हे आपण सगळेच शाळेत शिकलो. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यातला निम्मा वेळ हेच शिकण्यात गेला. बाईंनी तो हुकूम उचलला आणि आमच्यावरच उलटवला. बालवाडीच्या उद्घाटनाला सरपंच आले होते. एक पोरगी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. अर्धं पेल्यात पडत होतं, अर्धं सरपंचांच्या पायावर. माणूस भला, तांब्या धरायला वाकला. बाई म्हणाल्या, "सरपंचभाऊ, हाताची घडी." त्यांना वाटलं थट्टा आहे, ते हसले. बाई हसल्या नाहीत. "तोंडावर बोट," म्हणाल्या. ज्या माणसाला ग्रामसभेत कोणी गप्प करू शकलं नव्हतं, तो चटईवर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसला. पोरीने पुन्हा सांडलं, फडकं आणून पुसलं, आणि तिसऱ्या वेळी पेला भरला. तेव्हा कुठे नारळ फुटला.

आमचं गाव दरेकसाच्या अलीकडे, जंगलाला लागून. कोरोना सरल्यावर एका संस्थेने गावात बालवाडी काढली आणि तिथे या बाई आल्या. मूळच्या तिरोड्याकडच्या, शिकलेल्या नागपुरात. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यांना माझ्या घरी पोचवून दिलं. मी चहा टाकला, त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाई, मॅडम कवा येतीन?"

त्या म्हणाल्या, "आल्या. चहा पिऊन राहिल्या."

माझ्या डोक्यात मॅडम म्हणजे गोरी, चष्मेवाली. ही तर माझ्याहून काळी. मला वाटलं, सामान घेऊन स्वयंपाकीण पुढे आली असेल. चूक माझी होती, पण बाईंनी तिचं भांडवल केलं नाही. बशीत उरलेला चहा ओतला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखी स्पष्ट बोलणारी मावशी मला मदतीला हवी." मी लागले.

मदतनीस म्हणून लागले, आणि पहिल्याच दिवशी मदत करताना पकडली गेले. सात पोट्ट्यांच्या गुंड्या लावल्या, पाचांची नाकं पुसली, एकीला घास भरवत होते. बाईंनी मला बाजूला घेतलं. "मावशी, हात लावायचा नाही. त्यांचं त्यांना करू द्यायचं."

"मंग मले ठेवलं कायले?"

"बघायला."

"आन् पोट्टा पडला तं?"

"तो उठतो का, ते बघायचं."

घरी सुनेला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, हात न लावाचं काम मले भेटंल का कुठं?" पण सांगते, धानाची रोवणी सोपी. चार वर्षांचं पोर उलट्या पायात चप्पल घालून पाव तास झगडत असतं आणि आपण घडी घालून बसायचं, त्याने कंबर जास्त दुखते.

गावात बाईंना चटईवाली म्हणत. प्रत्येक पोराला शिंदीच्या पानांची एक लहान चटई. ती आपली आपण आणायची, अंथरायची, त्यावर काम मांडायचं, झालं की गुंडाळून जागेवर. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही. एक साहेब तपासायला आले आणि बूट घालून चटईवर चढले. तिथली गोंडांची पोरगी हातातलं काम ठेवून गोंडीत काहीतरी बोलली. साहेबांनी विचारलं, "काय म्हणते?" बाई म्हणाल्या, "खाली उतरा म्हणते, सर. आदराने म्हणते." मला गोंडी थोडी कळते. आदर त्यात नव्हता.

नागपूरहून पेटी भरून सामान आलं होतं. त्यातलं निम्मं बाईंनी पेटीतच ठेवलं. बर्फाच्या घराचं चित्र, स्ट्रॉबेरीचं चित्र, गुलाबी बाहुली, पिवळे केस. "हे इथे कोणाच्या घरी आहे?" म्हणाल्या. मग मलाच कामाला लावलं. बांबूचे दहा तुकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत. पिशव्या शिवल्या. डोळ्यांवर फडकं बांधून पिशवीत हात घालायचा आणि चाचपून सांगायचं, तूर की लाखोरी, मोहाची टोळ, म्हणजे मोहाचं बी, की चिंचोका. ज्या बोलीत नाव येईल ती बोली बरोबर. गोंडी, छत्तीसगढी, पोवारी, आमची, सगळं बरोबर. पोट्ट्यांना हे कधी चुकलं नाही. मी एकदा फडकं बांधून घेतलं आणि चिंचोक्याला बिब्बा म्हटलं. पोट्टे त्यावर आठवडाभर हसले.

बाहुली माझ्या जुन्या काळ्या परकराची केली. डोळ्यांना पांढरं सूत, केसांना लोकर. किराणा दुकानवाल्याची बायको ती पाहून म्हणाली, "बाई, बाहुली कारी काऊन केली?" आमच्याकडे काळीला कारी म्हणतात.

बाई म्हणाल्या, "इथली पोरं कशी आहेत?"

"कारीच आहेत. माही पोरगी खुशी सोडून."

"मग बाहुली कोणाची पोरगी आहे?"

दुकानवाली गेली. मला मजा वाटली. पण पेटीतलं एक सामान बाईंनी फार जपून बाहेर काढलं होतं. लाकडाच्या रंगीत पट्ट्या. एका रंगाच्या सात, गडदपासून फिक्यापर्यंत. चटईवर ओळ लावायची. शंका आली तर दोन पट्ट्या खिडकीशी नेऊन उजेडात धरायच्या. ओळ गडदपासून सुरू होते, हा नियम. मी विचारलं, फिक्यापासून काऊन नाही? बाई म्हणाल्या, "रंग जास्त कशात आहे?"

आता माझी नात सोनम. तीही तिथेच होती, चार वर्षांची. काळी, माझ्या मुलावर गेलेली, आणि माझा मुलगा माझ्यावर. ती झाली तेव्हा सून बाजेवर होती आणि मी मोठ्याने म्हणाले, "कोरसा आला घरी." पोरीला कोळसा मी म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही. तेव्हापासून रोज तिला बेसन, हळद, साय लावून घासायची. ती रडायची. मी म्हणायची, "घासू दे, उजरतं."

बालवाडीत हात धुवायचंही एक काम होतं. घमेलं, तांब्या, साबणाची वडी, फडकं. पोरांनी चार मिनिटांत हात धुऊन पाणी झाडाला टाकावं. सोनम अर्धा तास धुवायची. बोटं, तळवा, मनगट, कोपर. बाईंना तर आनंद मावेना. "मावशी, ही एकाग्रता बघा. असं मूल शंभरात एक. तिला मधेच कोणी थांबवायचं नाही." मला घमेल्यापाशी राखण बसवलं. मागे पोट्ट्यांची रांग लागे, कोणाचे हात चिखलाचे, कोणाला घाई, आणि मी घडी घालून पहारा करत असे. बाई वहीत रोज लिहीत, सोनम, हात धुणे, अठ्ठावीस मिनिटे. सोनम, हात धुणे, तेहतीस मिनिटे.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पोरगी धुऊन झाल्यावर भिंतीवरच्या आरशाशी जायची. तो बाईंनी मुद्दाम पोरांच्या उंचीला लावला होता. हात तोंडाशेजारी धरून बघायची आणि पुन्हा घमेल्यापाशी येऊन बसायची. आठवड्याने मनगटाची कातडी सोलली. दुसऱ्या आठवड्यात भेगेतून रक्त आलं. तरी मी बोलले नाही. बोलले असते तर हे कोणी शिकवलं तेही सांगावं लागलं असतं.

मग संस्थेच्या मोठ्या मॅडम पाहायला आल्या. त्या मात्र गोऱ्या आणि चष्मेवाल्या. बाईंनी त्यांना सगळीकडून फिरवून शेवटी घमेल्यापाशी आणलं, देवळात आणावं तसं. "ही आमची सोनम," हळूच म्हणाल्या. मॅडमनी मोबाइल काढला. सोनमने साबण मनगटावर फिरवला, भेगेवर झोंबला, तिने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा फिरवला.

मी घडी सोडली आणि तिच्या हातातून साबण काढून घेतला.

बाई म्हणाल्या, "मावशी, हाताची घडी."

"नाही घालत," मी म्हटलं. "थे हात धुऊन नाही राहिली. रंग काढून राहिली. मीच शिकवलं तिले."

मोठ्या मॅडमचा मोबाइल खाली आला. सोनम माझ्याकडे बघत होती, साबण कधी परत मिळतो म्हणून. बाई तिथेच ओल्या जमिनीवर बसल्या, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. पोट्टे हसले नाहीत. एकाने तर बाईंना पेलाभर पाणी आणून दिलं, न सांडता.

दुपारी पोरं गेल्यावर बाईंनी सोनमच्या मनगटांना खोबरेल तेल लावलं आणि ती माझ्या मांडीवर झोपली. बाई म्हणाल्या, "दोन आठवडे का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच तोंडावर बोट ठेवाले लावलं."

"खरं सांगा."

"लाज वाटली."

"मला वहीत लिहायला नाही वाटली," त्या म्हणाल्या. "माझी आईसुद्धा घासायची. दगडाने. आणि मी मिनिटं मोजत बसले." त्यांनी वहीतली ती पानं फाडली नाहीत. खाली लिहिलं, चूक माझी, पाहिलं पण दिसलं नाही. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, माझंही नाव घाला. त्यांनी घातलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रंगांच्या पट्ट्या पेटीतच ठेवल्या. लांब चटई अंथरली, आपला हात कोपरापासून तिच्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आज हातांची ओळ लावायची. सुरुवात कुठून?"

"गडदपासून," पोट्टे ओरडले. नियम त्यांना पाठ होता.

बाईंचा हात पहिला, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. मग बाईंशेजारी कोण, यावर भांडणं जुंपली. "माहा तुह्याहून कारा आहे." "चाल खिडकीशी, दाखवतो." दोघं दोघं हात धरून खिडकीशी जायचे, उजेडात बघायचे, परत यायचे. खुशी सगळ्यात शेवटी लागली आणि तिने भोकाड पसरलं. सोनम हात पाठीमागे धरून कोपऱ्यात उभी. बाईंनी बोलावलं नाही. हात न लावण्याचा त्यांचा नियम मला त्या दिवशी सगळ्यात जड गेला. बऱ्याच वेळाने पोरगी आली आणि हात बाईंच्या हाताशेजारी ठेवला. बाईंनी बघितलं, उठल्या, तिला खिडकीशी घेऊन गेल्या. दोन्ही हात उजेडात धरले. घाई केली नाही. मग परत आल्या आणि स्वतः दुसऱ्या जागेवर बसल्या.

"सोनम पहिली," म्हणाल्या. "तुझा माझ्याहून गडद."

सोनमने खात्री करायला पुन्हा खिडकीशी नेलं. बाई गेल्या.

तिसऱ्या दिवशी दुकानवाल्याची बायको भांडायला आली. खुशीने चुलीतली काजळी हातांना, तोंडाला, नव्या फ्रॉकला फासली होती आणि म्हणत होती, माझा नंबर वर घ्या. "बाई, हे काय शिकवून राहिले तुम्ही?" बाई म्हणाल्या, "ताई, तिला मी सांगितलं, काजळी चालत नाही. ज्याचा त्याचा खरा रंग पाहिजे." मी तोंडावर बोट ठेवलं होतं, ते हसू दाबायला.

माझ्या घरी वेगळंच झालं. सोनमने हात धुवायचं बंद केलं. जेवायला बसताना हात मागे. "धुतला तं उतरंल," म्हणे. सून म्हणाली, "आई, निस्तरा आता तुम्हीच." जी बाई चार वर्षं पोरीला घासत होती, ती आता तांब्या घेऊन अंगणात तिच्यामागे धावत होती, "नाही उतरत व, माहा आजवर उतरला का? पक्का रंग आहे." माझा हात तिच्यासमोर धुऊन दाखवला, तेव्हा तिला पटलं. बेसनाचं पुढे पिठलं केलं.

बाई आमच्याकडे तीन वर्षं होत्या. मग संस्थेने त्यांना दुसऱ्या गावात नवी बालवाडी काढायला पाठवलं. दरेकसाच्या स्टेशनवर मी आणि सोनम पोचवायला गेलो. गाडी थांबते घटकाभर. बाईंची पेटी जड, त्या एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने ती वर ओढत होत्या. मी फलाटावर घडी घालून उभी.

"मावशी, धरा की!"

"म्हटलं बघावं, तुम्ही उचलता का."

त्या इतक्या हसल्या की पेटी खाली आली. मग मी आणि सोनमने मिळून ती वर ढकलली. गाडी हलली तेव्हा बाईंनी दारातून तोंडावर बोट ठेवून दाखवलं. मीही ठेवलं. रडले नाही. नंतर घरी येऊन उगाच दोनदा अंगण झाडलं.

सोनम आता तिसरीत आहे. मागच्या महिन्यात सुनेच्या माहेरची एक बाई आमगावहून आली होती. चहा पिता पिता म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो. जराशी सावरी आहे, पन आजकाल क्रीम भेटते."

मला राग आला. तोंड उघडणार होते. तेवढ्यात सोनम उठली, पाहुणीचा हात मनगटाला धरला आणि तिला दाराशी उजेडात घेऊन गेली. आपला हात शेजारी ठेवला. नीट पाहिलं, एकदा पालथा, एकदा उताणा.

"मावशी," म्हणाली, "तुमचा नंबर सहावा."

मी हाताची घडी घातली.