न पटणाऱ्याचा पहिला फोन

शिंपीणबाई सुमनताई मशीन चालवता चालवता रेडिओशी भांडतात. रोज सकाळी रेडिओवर जुन्या वळणाचे अण्णा राजकारणावर बोलतात. लग्नानंतर मुलींना नोकरी कशाला, बायकांना सरपंचपद कशाला, अशी त्यांची मतं. ऐकून माझंही डोकं तापतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी एक नेम मोडलेला नाही: श्रोत्यांपैकी पहिला फोन आपलं मत न पटणाऱ्याचा घ्यायचा. तो बहुधा सुमनताईंचाच असतो.

मधे घशाच्या ऑपरेशनमुळे अण्णा गप्प होते. काल मी ब्लाऊज आणायला गेले, तर त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. घोगरा, अडखळता, पण मतं तीच. सुमनताईंनी मशीन थांबवलं, रेडिओ बारीक केला आणि फोन लावला.

"अण्णा, मघाचं तुमचं बोलणं साफ चूक आहे. पण आधी घोटभर कोमट पाणी प्या. मग भांडू."

हल्ली एखाद्याचं मत पटलं नाही की आपण त्या माणसालाच ग्रुपमधून काढून टाकतो. मीही काढलंय.

 रेडिओवर भांडं उचलल्याचा आवाज आला, आणि कधीच कुणाचं न मानणारे अण्णा सगळ्या गावाच्या कानांदेखत घटाघटा पाणी प्यायले.

"हं, ताई," ते म्हणाले, "आता बोला."