पलंगावरचं क्रियापद

कोशकारांच्या घरात एक नियम होता: शब्दाचं मूळ सापडेपर्यंत त्याची कार्डं जागची हलवायची नाहीत. कार्डं टेबलाखुर्च्यांवर मावत होती तोवर बायकोने तो निमूट पाळला. पण ‘थोल’ नावाच्या, बहुतेक इंग्रजांनाही धड न आठवणाऱ्या क्रियापदाने आतला पलंगच बळकावला. शब्द ज्या शतकात वापरला गेला त्याप्रमाणे कार्डं मांडलेली: उशाकडे जुनी शतकं, पायथ्याशी नवी. आणि आज संध्याकाळी लेक येणार होती. दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी आडवं पडून राहायला बजावलेलं.

“अहो, पलंग मोकळा करताय ना?”

“झालंच. थोल म्हणजे सोसणं. लॅटिनमधला त्याचा भाऊबंद सापडलाय. आपली तुला, म्हणजे तराजू, आपलं तोलणं, तेही त्याच गोतावळ्यातलं. मुळात उचलून धरणं. एका पुस्तकात मिळालं. आणखी एक साक्षीदार हवा, बस.”

“शब्दकोश करताय की खटला चालवताय? लेकीला काय माळ्यावर झोपवू?”

“त्या साक्षीसाठी भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलंय. त्यांचा फोन तेवढा येऊ दे.”

बाईंनी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं हेच. पाहुणे आले की ताटकळत उभे. सगळं झाडूने लोटून द्यावं असं कितीदा वाटलं, पण हात धजत नसे. एक कार्ड हललं तरी हा माणूस वस्तू हरवल्यासारखा घरभर फिरणार, आणि तेही त्यांनाच निस्तरावं लागणार.

लेक दुपारीच आली, घामाघूम. आत जाऊन तिने पलंगाकडे पाहिलं आणि भिंतीचा आधार घेत फरशीवर बसू लागली. कार्डं दिसली की खाली बसायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.



कोशकार लेकीकडे पाहत होते. त्यांनी पेन काढलं आणि शेवटच्या कार्डावर ‘तुला’च्या पुढे ‘बहुधा’ लिहिलं. हा शब्द त्यांनी आजवर कोशाच्या दाराशीही येऊ दिला नव्हता. मग ते कार्डं उचलू लागले, उशाकडून, एकेक शतक करत.

“भराभर उचला की.”

“क्रम बिघडेल गं.”

अखेर लेक आडवी झाली, तिने डोळे मिटले. कोशकार मात्र पलंगाशीच घुटमळत राहिले.

“आता काय?”

“तिच्या पाठीखाली चौदावं शतक राहिलंय.”

“राहू दे. उठली की मिळेल. तो फोन आधी काढून ठेवा, वाजला तर जागी होईल.”

कोशकार बाहेर गेले. त्यांनी रिसीव्हर अलगद बाजूला ठेवला.