कट्ट्यावरचं दूध

मला धारोष्ण दुधाची शिसारी आहे. कोल्हापुरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. इथं संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून बांधतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि चांगली शिकलीसवरली माणसं तो कोमट, फेसाळ ग्लास उभ्या उभ्या घशात ओततात. मिशीला लागलेला फेस मनगटानं पुसतात. खाली शेण, मूत, माश्या. ग्लास विसळायला एकच बादली, तिच्यातलं पाणी बदललेलं मी कधी पाहिलं नाही. लग्न होऊन मंगळवार पेठेत आले, तेव्हा नवऱ्यानं मोठ्या हौसेनं मला तिथं नेलं होतं. एक घोट घेतला आणि गटाराकडं धावले.

आणि माझ्या मुलीला जगात आवडायचं ते एवढंच.

ती सहा वर्षांची होती आणि बोलत नव्हती. काही हवं असलं की किंचाळायची, मिळालं नाही की डोकं आपटायची. भिंतीवर, खांबावर, एस्टीच्या दांडीवर. कपाळावरचं टेंगूळ मुक्कामालाच आलं होतं. ती बोलली नसती तरी मी चालवून घेतलं असतं, पण तिला मागता येत नव्हतं. अशानं ही एक दिवस डोकं फोडून घेणार, याच धास्तीत मी जगत होते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. एका मॅडमनी अशा मुलांसाठी दोन खोल्यांत वर्ग सुरू केला होता. त्यांनी टेंगूळ पाहिलं, पण हळहळल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. हळहळणाऱ्यांचा मला वीट आला होता.

"ओरडते ते कळलं, ताई," त्या म्हणाल्या. "ओरडण्याच्या आधी काय होतं आणि ओरडल्यावर तिला काय मिळतं, ते सांगा."

मिळायचं बिस्कीट. ती किंचाळली की शेजारीण भिंतीवरून बिस्कीट द्यायची, दीर गोळी द्यायचे, नवरा शिरोलीच्या फाउंड्रीतून दमून आलेला असला तरी तिला उचलून कट्ट्यावर न्यायचा. मॅडम म्हणाल्या, ज्या वागण्यापाठोपाठ हवं ते मिळतं, ते वागणं वाढतं. याला प्रबलन म्हणतात. आणि बिस्कीट दिलं की किंचाळणं थांबतं, म्हणून देणाऱ्यालाही द्यायची सवय लागते. नकोसं काही टळलं म्हणून वागणं वाढतं, तेही प्रबलनच. मला आमच्या सगळ्या आळीची किळस आली. सगळ्यांनी मिळून पोरीला किंचाळायला शिकवलं होतं, आणि वर त्याला माया म्हणत होते.

मग तिला काय आवडतं ते बघायला मॅडमनी तिच्यापुढं पेढा ठेवला, फुगा ठेवला, शिट्टी ठेवली. तिनं ढुंकून पाहिलं नाही. मी नाक मुरडत दुधाचं सांगितलं. दुसरं काही चालेल का, असंही विचारलं.

"ज्यानं वागणं वाढतं तो प्रबलक तिनं निवडायचा, ताई. तुम्ही नाही."

झालं. रोज संध्याकाळी मी पदर नाकाला लावून कट्ट्यावर. शिकवायचं होतं एवढंच, की दूध हवं तर तळहात पुढं करायचा. आधी मी तिचं कोपर धरून हात पुढं न्यायची. मग नुसतं कोपराला बोट लावायचं, मग तेही सोडायचं. हात आला की ग्लास त्याच क्षणी. किंचाळली तर थेंब नाही.

पण कोल्हापूरकराला पोर रडताना बघवत नाही, विशेषतः हातात दूध असताना. तिनं गळा काढला की गवळी माझ्या अंगावरून हात लांबवून ग्लास तिच्या तोंडाला लावायचा. "लेकराला कशाला रडीवतायसा, वैनी? पिऊ दे की." आठवड्याची मेहनत त्या घोटाबरोबर पोटात. त्याच्या चांगुलपणाचा मला इतका संताप यायचा, की ती बादली त्याच्या डोक्यावर पालथी करावी.

मॅडमनी बजावलं, की ओरडून मिळणं बंद झालं की ओरडणं आधी वाढेल आणि मगच विझेल. ते टिपेला पोचल्यावर दिलंत, तर ती टिपेलाच जायला शिकेल. डोकं आपटलं तर मध्ये तुमचा हात घाला. बोलू नका, समजूत काढू नका. हे सगळं मी गवळ्याला सांगितलं. पटलं नाही, पण तो व्हय म्हणाला.

त्या संध्याकाळी ती जी किंचाळली, त्यानं म्हशी बिथरल्या. ती खांबाला डोकं हाणत होती, खांब आणि कपाळ यांच्यामध्ये माझा हात होता, बोटांची सालं निघत होती. चप्पल शेणात रुतलेली. गिऱ्हाइकं ग्लास रिचवत मला बोलत होती.

"आई हाय का कोण ही?"

"डोस्कं फिरलंय बाईचं."

फेसाच्या पांढऱ्या मिशा घेऊन सगळे मला माया शिकवत होते. गवळी ग्लास पाठीमागं लपवून उभा होता आणि त्याच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात ती दमून गप्प झाली. मी कोपराला बोट लावलं. तळहात पुढं आला. गवळ्यानं इतक्या घाईनं ग्लास दिला, की निम्मं दूध माझ्या पातळावर सांडलं.

ओरडणं एकदम गेलं नाही, पण उतरत गेलं. टेंगूळ बसायला लागलं. मग एका संध्याकाळी मी बोट लावायच्या आतच तिनं हात पुढं केला. शांतपणे, नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा. गवळ्यानं तिला काठोकाठ भरून दिलं.

ती प्याली. ग्लास परत दिला. मग माझ्याकडं वळली, माझं कोपर धरलं आणि माझा हात गवळ्यापुढं नेला. मी हात मागं घेतला. तिनं पुन्हा कोपराला बोट लावलं आणि वाट पाहत राहिली.

मी तळहात उघडला. त्यानं तोच ग्लास त्याच बादलीत बुचकळला आणि भरला. कोमट, म्हशीच्या अंगाचा वास येणारं ते दूध मी तळाच्या फेसापर्यंत प्याले, आणि ते पोटात राहावं म्हणून दात आवळून उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.