लॉगबुकात उपमा नको

मंडळी, आज कामावर माझ्यामुळे एका माणसाला बोलणी बसली आणि मी गप्प राहिले.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. चामटोलीचे पांडूकाका आमचे जुने ऑपरेटर. ते लॉगबुकात तापमानाच्या आकड्यापुढे स्वतःचं काहीतरी लिहायचे. 'रंग शिळ्या चहासारखा. वास ओल्या गोणपाटाचा.'

गेल्या महिन्यात मी त्यावर लाल रेघ मारली. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, ही कवितेची वही नाही. फक्त आकडे लिहा." सगळे हसले. तेव्हापासून प्लांटमध्ये त्यांचं नाव 'कवी' पडलं.

आज अख्खी बॅच जळाली. लॉगबुकातले आकडे मात्र एकदम व्यवस्थित, कारण तापमापकच बिघडला होता.

मी विचारलं, "काका, तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं ना मॅडम. जळक्या गुळाचा वास येत होता. सुपरवायझरला बोललो, तर तो बोलला, कवी चालू झाला! आणि वहीत लिहू कसा? वासाला आकडा कुठला लावू?"

तेवढ्यात मोठे साहेब आले. "एवढ्या वर्षांची नोकरी आणि लक्ष नाही? नोंद का नाही केली?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. मी हातातल्या रिपोर्टकडे बघत राहिले.

'जळक्या गुळाचा वास' हे निरीक्षण होतं. मला अशा ओळींत फक्त उपमा दिसत आली.

उद्या साहेबांना खरं सांगणार आहे. ते वाक्य तयार आहे. काकांना काय म्हणू, ते सुचत नाही. तुम्ही काय म्हणाला असता?