माझ्या अर्जाचं उत्तर द्या

मोठ्या सरांनी ओले हात पुढं केले आणि मी खुर्चीवरून उठले.

बस. एवढंच झालं. कुणी शिवी दिली नाय, कुणी धक्का मारला नाय. पण त्या दिवशी आत काहीतरी मोडलं ते अजून सांधलेलं नाय. म्हणून नीट सांगते.

आमच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर मिटिंगची खोली आहे. गारेगार. लांब टेबल, काचेच्या बाटल्यांत पाणी. तिथं माझी मुलाखत होती. दवाखान्याला मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायचा होता. म्हणजे औषधोपचार सोडून बाकी सगळा कारभार बघणारा माणूस. पैसा, खरेदी, भरती, कुठल्या वॉर्डात किती माणसं ठेवायची, सगळं त्याच्या हातात. जाहिरातीत लिहिलं होतं, दवाखान्याचा अनुभव पाहिजे आणि व्यवस्थापनाचं शिक्षण पाहिजे. माझ्याकडं दोन्ही होतं. मी इथंच नर्स म्हणून लागले, इथंच मेट्रन झाले, नोकरी करता करता नर्सिंगची पीएचडी केली, त्यावर एमबीए केलं. अर्ज टाकला. बोलावणं आलं. गुलमंडीच्या बाजारातून साडी आणली, फिक्या जांभळ्या रंगाची. मुद्दाम. त्या दिवशी अंगावर पांढरा रंग नको होता मला.

मोठे सर म्हणजे दवाखान्याचे मालक. शहरातले नावाजलेले सर्जन. राऊंड संपवून ते थेट खोलीत आले, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले आणि वळले. कोपरं वाकवलेली, बोटं वर. तसेच हात माझ्या दिशेनं पुढं केले. माझ्याकडं न बघता.

आणि मी उठले. टेबलावरचा नॅपकिन उचलला, घडी मोडली, त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी हात पुसले आणि ओला नॅपकिन माझ्याच हातात परत दिला.

"हां सिस्टर, आज काय तक्रार घेऊन आलात?"

"सर, मी मुलाखतीला आलेय."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

खोलीत आणखी तिघं-चौघं होते. ते हसले असते तरी बरं झालं असतं. हसायला आधी काहीतरी दिसावं लागतं ना. त्यांना काही दिसलंच नाय. छताचा पंखा फिरतो तो कुणाला दिसतो का? तसं माझं उठणं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढी शिकलीस, उठलीस कशाला? सांगते. आमच्या दवाखान्यात रीत होती. राऊंडला सर पुढं, त्यांच्या मागं शिकाऊ डॉक्टर, आणि सगळ्यांत शेवटी एक सिस्टर. तिच्या डाव्या हातावर स्वच्छ टॉवेल, चौपदरी घडी घातलेला. सरांनी पेशंट तपासला, हात धुतले, की हात मागं यायचे. तिनं टॉवेल द्यायचा. टॉवेल मागायची पाळी सरांवर आली नाय पाहिजे. पुढं प्रत्येक खाटेला हात चोळायच्या औषधाची बाटली लागली, टॉवेलाचं काम संपलं. पण टॉवेल काय संपला नाय. नव्या पोरींना पहिल्या दिवशी इंजेक्शनच्या आधी घडी शिकवली जायची. माझ्या अंगात ती इतकी मुरली होती की पीएचडी डोक्यात गेली आणि टॉवेल हातातच राहिला.

माझी आई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. मजुरी मागायला पाटलाच्या ओट्याखाली उभी राहायची. बस म्हणून कुणी म्हणालं नाय तिला कधी, आणि का म्हणालं नाय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी शहरात आले, कडक इस्त्रीचे कपडे घातले, वाटलं, सुटले. कसली सुटले? ओटा तेवढा बदलला.

पण मुलाखतीच्याही आधीचं एक सांगायचं राहिलं. ते सांगितल्याबिगर हे समजायचं नाय. नसीमचं.

नसीम शहागंजची पोरगी. वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान. घराण्यात नर्स झालेली ती पहिलीच. लई बोलकी. पेशंटची म्हातारी रडायला लागली की ही तिच्याशी दख्खनीत भांडायची, "अम्मा, रोते कायकू? मैं है ना!" आणि म्हातारी हसायची. मला ताई म्हणायची. लग्न झालं, दिवस गेले. बायकांच्या मोठ्या वॉर्डात तिची ड्यूटी, आणि वॉर्डाला माणसं नेहमीच कमी. बसायला फुरसत नाय. आणि फुरसत मिळाली तरी टेबलापाशी एकच खुर्ची. डॉक्टर आले की तीही सोडायची.

मी मेट्रन होते. वर गेले, सरांना म्हणाले, "त्या वॉर्डात आणखी पोरी द्या. एक पोटुशी आहे, तिला हलकं काम देता येत नाय, मागं कुणी उरतच नाय." एकदा नाय, कितीदा तरी म्हणाले.

सर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत. मायेनं म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला माणुसकी कळते, पण धंदा कळत नाही. पगाराचा बोजा कसा वाढतो ते तुमच्या लक्षात नाही यायचं. ते आमच्यावर सोडा."

त्यांच्यावर सोडलं. दुसरं होतं काय माझ्या हातात?

नसीमचं पोर गेलं. ड्यूटीवरच पोटात कळ आली. एका पेशंटची चादर बदलत होती, ती पुरी केली आणि मंग भिंतीला टेकली. तिला आमच्याच बाळंतिणीच्या वॉर्डात निजवलं. आजूबाजूला सगळ्यांची पोरं रडत होती. मी तिच्या उशाशी बसले. ती माझा हात धरून एकच विचारत राहिली.

"ताई, मैं थोडा बैठ जाती तो रैता था क्या वो?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कामाचा काही संबंध नाही. नसेलही. मला ठाऊक नाय. पण त्या पोरीला आयुष्यभर हा प्रश्न पुरणार आहे. आणि वर मिटिंगच्या खोलीत तो कुणी एकदासुद्धा विचारला नाय.

नसीमनं नोकरी सोडली. मी आणखी शिकायला लागले.

पीएचडी तोवर चालूच होती. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, त्याच्या पुढचं सगळं मी एकटीनंच रेटलं. क्लास नाय, शिकवणी नाय. गाईड भले होते, पण त्यांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. डिक्शनरी घेऊन बसायची. विषय होता, नर्स दमली की पेशंटचं काय होतं. त्यात मला दिसलं काय बिघडतंय ते. पण ते बिघडवायचं ठरवतं कोण, ते काय त्या पुस्तकांत नव्हतं. ते होतं बजेटच्या कागदांत. आणि ते वाचायला मला येत नव्हतं. सर खरंच बोलले होते. मला धंदा कळत नव्हता.

मंग घरी बसून एमबीएची पुस्तकं मागवली. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते पेपर वाचायचे आणि मी ताळेबंद. म्हणायचे, "आता ह्या वयात दुकान टाकते का काय?" मी म्हणायची, "व्हय, टाकते. तुम्हाला गल्ल्यावर बसवते." हसायचे. आणि हळूच उठून कुकर लावायचे. लई रडले मी त्या पुस्तकांपुढं. नफा, तोटा, घसारा. पण कळलं. एक दिवस लख्ख कळलं. पोरी कमी ठेवल्या की पैसा वाचत नाय. पोरी सोडून जातात, नव्या शिकवाव्या लागतात, पेशंटला पाठीला जखमा होतात, तो जास्त दिवस पडून राहतो, नातेवाईक भांडतात, दवाखान्याचं नाव जातं. म्हणजे नसीमसाठी मी जे मागत होते, त्यात दवाखान्याचंही भलंच होतं. माणुसकी एकीकडं आणि धंदा दुसरीकडं, अशी वाटणी मला आयुष्यभर सांगितली गेली. ती वाटणीच खोटी होती.

हे सगळं बोलायला मी त्या मुलाखतीला गेले होते. आणि ओला नॅपकिन हातात घेऊन बसले.

त्यांनी मला काय विचारलं, सांगू? नातवंडं किती. गुडघे कसे आहेत. मंग एक साहेब म्हणाले, "पण डॉक्टर लोक तुमचं ऐकतील का हो, सिस्टर?" मी वॉर्डाचं बजेट मांडायला घेतलं. सरांच्या सूनबाई दवाखान्याच्या संचालक आहेत, त्या मध्येच गोड आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तर आमच्या घरच्याच. तुमचं काहीतरी करू आपण."

चहा आला. माझी मुलाखत संपली.

बजाजनगरला जाताना रिक्षात रडले. पद हातचं जाणार म्हणून नाय. इतकी वर्षं शिकून मी त्या खोलीत गेले आणि माझे स्वतःचेच पाय मला जुन्या जागी घेऊन गेले, म्हणून.

उत्तर आलं नाय. होकार नाय, नकार पण नाय. मंग एक दिवस नवे साहेब आले. आधी मोठं हॉटेल चालवायचे म्हणे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, हे आयसीयूचं जरा समजावून सांगता का?" मी सांगितलं. हॉटेलवाल्याला दवाखाना समजेल यावर सगळ्यांचा भरवसा होता. जिनं दवाखान्यात जन्म काढला तिच्यावर नव्हता.

आणि त्याच आठवड्यात कळलं, परिचारिका दिनाला माझा सत्कार आहे. प्रदीर्घ सेवेबद्दल. सोबत "सन्माननीय सल्लागार" असं पद. त्या पदाला मिटिंगमध्ये जागा होती का? नव्हती. मी विचारलं होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. सगळ्या पोरी ओळीनं उभ्या, खुर्च्या पाहुण्यांना दिलेल्या. माईकवरून माझं कौतुक झालं. त्यागमूर्ती. माउली. ममतेचा झरा. एकानंही माझ्या पीएचडीचा विषय सांगितला नाय. मोठे सर शाल उलगडून पुढं आले. अशा वेळी मान थोडी खाली करायची असते. माझी मान वाकायला निघालीच होती. खरं सांगते, निघालीच होती. मी ती थांबवली. जोर लावून थांबवली. मानेला कळ लागली.

शाल तशीच हवेत. सर म्हणाले, "घ्या सिस्टर."

मी म्हणाले, "सर, सत्कार नको. मी अर्ज केला होता. माझ्या अर्जाचं उत्तर द्या."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

"अहो, आज आनंदाचा दिवस आहे..."

"माझी मुलाखत झाली होती. मी लायक नसेन तर का नाय ते सांगा. तोंडावर सांगा, ह्या पोरींपुढं सांगा."

सर शालीची घडी घालायला लागले. त्यांना ती जमेना. एका पोरीचा पाय पुढं निघाला मदतीला. मी तिच्याकडं बघितलं. ती थांबली.

मी स्टेजवरून खाली उतरले. टाळी वाजली नाय. पुढच्या महिन्यात मला वयाचं कारण सांगून घरी बसवलं. वॉर्डात पोरी आजही कमीच आहेत. नसीमकडं तिच्या वडिलांच्या दुकानात जाऊन हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अच्छा किया ताई." आणि बांगड्यांचे खोके लावायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाय. तिचं गेलं ते माझ्या एका वाक्यानं परत येणार होतं का?

मला माउली म्हणू नका. माझ्या त्यागाचं कौतुक करू नका, मी राजीखुशीनं काही त्यागलेलं नाय. या शहरात दुसरे दवाखाने आहेत, त्यांनाही कारभार बघायला माणूस लागतो. मी अर्ज करतेय. एकीकडून नकार आला की दुसरीकडं, आणि प्रत्येक ठिकाणी नकाराचं कारण तोंडावर मागतेय. ज्या खोलीत ठरतं की एका वॉर्डात किती पोरी उभ्या राहणार, त्या खोलीत मी जाणार आहे. बोलावलं तर दारानं. नाय बोलावलं, तरी दारानंच.