निर्मलाबाईंचा डावा पाय

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आज सांगते आहे म्हणून लगेच हळहळायला लागू नका — मी काही रडत बसलेली नाही. चहा घेतला, कूलर लावला आणि लिहायला बसले. वाचून काय नावं ठेवायची ती ठेवा. नागपुरात बायकांना गाडी शिकवणारी बाई म्हटल्यावर नावं ठेवून घ्यायची मला सवय आहे.

हो, तोच माझा धंदा. जरीपटक्यात माझा ड्रायव्हिंगचा क्लास आहे. फक्त बायकांसाठी, आणि फक्त ऑटोमॅटिक. सुरू केला तेव्हा लोक हसले. म्हणे, क्लच नाही, गिअर टाकणं नाही, ते शिकायला क्लास काहून लागते? समोरच्या पानठेल्यावर एक जण तर मोठ्यानं म्हणाला होता, "बाईच बाईले शिकवून राहिली म्हणजे दोघीबी नालीत." मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच ठेल्यासमोर गाडी रिव्हर्स घ्यायला लागले, पानवाल्याच्या बाकड्यापासून वीतभर अंतरावर. हसणं बंद झालं.

हे सगळं आधी काहून सांगते? तर तुम्ही मला ओळखावं म्हणून. मी गरीब गाय नाही, आणि जे केलं ते घाबरून केलं असंही म्हणणार नाही.

गाड्यांचं मला कळतं. माझ्या बाबांचं गॅरेज होतं — ट्रक, जीप, ट्रॅक्टर. शाळेतून आले की दप्तर फेकून मी तिथेच. बाबांच्या गॅरेजात गिअरबॉक्स म्हटला की नव्वद नंबर. म्हणजे गिअरमध्ये टाकायचं ते जाड तेल, मधासारखं हळूहळू पडणारं. बाबा जुन्या तेलात बोट बुडवायचे, दोन बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "बोटाले धरलं तं तेल, नाही तं पाणी." तेवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

क्लासची तेव्हाची गाडी छोटी, पांढरी, जुनी घेतलेली. गुणी होती हो! दिवसभर थांब-चाल, थांब-चाल, वर नागपूरचा उन्हाळा, तरी कधी रस्त्यात बसली नाही. पण एका वर्षी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना ती हिसका द्यायला लागली. मी वर्कशॉपमध्ये नेली. तिथला माणूस म्हणाला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सीलबंद असतो, तेल जन्मभराचं असतं, त्यात हात घालायचा नाही. आणि हे तो मला सांगत नव्हता. मला नुसतं सोडायला आलेल्या माझ्या नवऱ्याला सांगत होता! "सर, मॅडमना समजवा." माझा नवरा — ज्याला स्कूटर धड सरळ चालवता येत नाही. संताप संताप झाला माझा.

रविवारी अंगणात गाडी वर घेतली, खालचा बोल्ट काढला आणि तेल सोडलं. बाप्पा, काय ते तेल! काळपट आणि पातळ, पाण्यासारखं. बोटावर घेऊन चोळलं, बोटाला धरेना. मनात म्हटलं, पाहा, म्हणे जन्मभराचं! तेलाचं पाणी झालं आणि हे शहाणे म्हणतात हात लावू नका. मग बाबांच्या ओळखीच्या दुकानातून नव्वद नंबर आणून ठेवलं होतं ते ओतलं, लांब नळीचं नरसाळं लावून. उतरता उतरेना. तेवढ्या वेळात दोन चहा झाले. इतकी खूश होते मी त्या दिवशी की काय सांगू.

पुढे मला कळलं, की ऑटोमॅटिकचं तेल जन्मजातच पातळ असतं. तिथे तेल नुसती झीज वाचवत नाही, त्या तेलाच्या दाबावरच गिअर पडतात. जाड तेल घातलं की दाब नीट पोचत नाही, आतल्या प्लेटी घसरतात आणि जळतात. हे मला माहीत नव्हतं. नव्हतं तर नव्हतं! तेल चुकल्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. बोनेटखाली हात घालणाऱ्याचा हात कधी तरी चुकतोच, आणि त्या वर्कशॉपमधल्या माणसानं माझ्याकडे बघून दोन वाक्यं नीट सांगितली असती तर — पण जाऊ द्या. ते नाही सांगायचं मला.

सांगायचं हे, की आठवड्याभरात मला तेलाचा संशय आला होता. जुनं तेल सगळं निघत नाही, निम्मंअर्धं आतच राहतं, म्हणून गाडी ओढत राहिली. पण गिअर टाकला की ती विचार करून निघायची. सकाळी जास्तच. मला समजत होतं काहीतरी बिघडलंय. आणि तरी मी उन्हाळी सुट्टीची बॅच चालू ठेवली. आज बघू, उद्या बघू. बॅच बंद ठेवली असती तर पानठेल्यावर काय बोलले असते, ते मला तोंडपाठ होतं.

त्या बॅचमध्ये निर्मलाबाई होत्या.

पन्नाशीच्या, ठेंगण्या, नेहमी सुती साडी, बोलणं हळू. माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं. आई तिथे एकटी, अंथरुणाला खिळलेली. बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलानं आईवडिलांसाठी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली होती, ती घराखाली कव्हर घालून उभी. यजमानांना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. रविवारी ड्रायव्हर मिळाला तर गाडी निघायची. पहिल्याच दिवशी निर्मलाबाई मला म्हणाल्या, "मॅडम, मले गावभर नाही फिरायचं जी. फक्त खाप्यापर्यंत जाता आलं पाहिजे. मनात आलं की." मनात आलं की! एवढंच हवं होतं त्या बाईला.

माझ्या क्लासची एक पद्धत आहे. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नसतं. पण नवशिकी माणसं घाबरली की दोन्ही पाय दाबतात, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम, आणि तेच गिअरबॉक्सला मारतं. म्हणून मी डाव्या पायातली चप्पल काढायला लावते आणि तो पाय मागे सीटखाली दुमडून ठेवायला सांगते. "डावा पाय झोपवा," असं म्हणते मी. एका पायात चप्पल, एक पाय उघडा — बायका हसतात. निर्मलाबाई मात्र बसायच्या आधीच डावी चप्पल काढून क्लासच्या दारात ठेवायच्या, देवळात जावं तशी.

तो दिवस मे महिन्यातला. दुपार व्हायला आलेली. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अर्ध्यात पोचली आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी पुढे जाईना. जळका वास आला. मग ती मागे घरंगळायला लागली. मागे सिटी बस. मी माझ्या बाजूचा, शिकवणाऱ्याचा ब्रेक दाबून धरला, हॅन्डब्रेक ओढला. हॉर्न, शिव्या, "लेडीज है भाई, लेडीज!" — हे सगळं. निर्मलाबाई स्टिअरिंग सोडेनात. "मॅडम, मी काय केलं? माझ्याच्यानं काय झालं?"

मी खाली बघितलं. त्यांचा डावा पाय सीटखाली दुमडलेला होता. जिथे ठेवायला सांगितला होता, तिथेच. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे नीट वाचा.

आम्ही उतरलो. निर्मलाबाई तापलेल्या डांबरावर एक पाय उघडा घेऊन उभ्या होत्या. पाय भाजत होता तर उजव्या पायाच्या चपलेवर टेकवून, एका पायावर. लोक जमले. कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि मी, त्या भाजणाऱ्या पायाकडे बघत बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नाही, नवीन आहेत. घाबरून डावा पाय पण घातला त्यांनी. दोन्ही पाय दाबले."

काहून म्हटलं असं? बाईनं गिअरबॉक्समध्ये चुकीचं तेल घातलं, हे त्या गर्दीसमोर, त्या वर्कशॉपसमोर, पानठेल्यासमोर कबूल करायचं नव्हतं मला. "बाईले काय कळते गाडीतलं" हे ऐकायचं नव्हतं. मग काय केलं? तेच वाक्य दुसऱ्या बाईच्या गळ्यात घातलं. माझ्या तोंडून!

आणि त्यांनी ते मानलं. घाबरल्यावर आपला पाय कुठे होता, हे कोणाला आठवतं? शिकवणारी म्हणते म्हणजे पडलाच असेल. यजमान स्कूटरवर आले. मी त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "मी तं म्हटलंच होतं, तुले नाही जमणार." निर्मलाबाई स्कूटरवर मागे बसल्या. जाताना माझ्याकडे बघून हात जोडले.

गाडी ओढून अंगणात आणली. वर्कशॉपला नेण्याआधी ऊन उतरल्यावर मी स्वतः खाली शिरून ते नव्वद नंबर सोडलं, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं बरोबर पातळ तेल आणून भरलं. कुणाला काही दिसू नये म्हणून. तेव्हा तरी घाबरलेली नव्हते ना? गर्दी नव्हती, हॉर्न नव्हते. हात पुसत होते आणि मला पक्कं माहीत होतं मी काय करते आहे. वर्कशॉपनं गिअरबॉक्स उघडला, प्लेटी जळाल्या म्हणाले. मी म्हटलं, शिकणाऱ्या बाईनं दोन्ही पाय दाबले. ते म्हणाले, हो, असं होतं मॅडम, लेडीज क्लासची गाडी आहे.

काही दिवसांनी निर्मलाबाई घरी आल्या. मला वाटलं, आठवलं यांना. पण त्यांनी पिशवीतून कुरड्यांचा डबा काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्यामुळं तुमची गाडी गेली. मले झोप नाही लागत जी. मले माफ करा." आणि मी काय केलं असेल?

मी त्यांना माफ केलं.

खरंच. म्हटलं, "असू द्या हो, होते असं. मनावर नका घेऊ." मोठ्या मनानं! वर चहा पाजला. पुन्हा शिकायला येता का, म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. त्या गेल्यावर कुरड्या तळून खाल्ल्या. छान झाल्या होत्या.

त्यांच्या घरची गाडी त्याच वर्षी विकली. माझी दुरुस्त झाली, क्लास वाढला. आज दोन गाड्या आहेत, आणि त्यांच्यात तेल मी वेळच्या वेळी बदलते, बरोबर तेच. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका आज कुठे कुठे गाडी नेतात — रायपूरपर्यंत गेलेली आहे एक. ते खोटं नाही. ते मी कमावलेलं आहे आणि ते मी कुणाला काढून घेऊ देणार नाही. पण प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी एक गोष्ट सांगते, नाव न घेता: एक बाई होत्या, डावा पाय घातला, पुलावर गिअरबॉक्स जाळला. बायका लगेच चप्पल काढतात. अशी कामाला लावली आहे मी ती गोष्ट.

मागच्या मंगळवारी एक मुलगी नाव घालायला आली. निर्मलाबाईंची सून. नवीन गाडी घेतलीये म्हणाली, ऑटोमॅटिक. सासूनं मुद्दाम माझ्याकडेच पाठवलं. "आई म्हणतात, मॅडमसारखं मन कोणाचं नाही. एवढं नुकसान केलं तरी एक शब्द नाही बोलल्या." मग बोलता बोलता खाप्याच्या आजींचं निघालं. त्या गेल्या केव्हाच. शेवटी शेवटी त्यांना काही समजत नव्हतं, पण निर्मलाबाई दिसल्या की विचारायच्या, "आज रविवार हाय का वं?" गाडी विकल्यावरही यजमानांना सुट्टी असेल तेव्हाच जाणं व्हायचं; लेक रविवारीच येते, एवढंच आजींना कळायचं.

मी ऐकत होते. समोर पावतीपुस्तक उघडं. आता सांगावं, आत्ताच, असं आलं होतं ओठावर. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आईंले बी घेऊन येऊ का एक दिवस? मोकळ्या ग्राउंडवर एक चक्कर मारतील. अजून मन आहे त्यांचं."

गाडी बाहेर उभी होती, ठणठणीत. निर्मलाबाई तीत बसल्या असत्या तर त्यांनी ती चालवली असती. एका चकरेत त्यांना कळलं असतं, आपला डावा पाय कधी मधात आलाच नव्हता.

मी म्हटलं, "राहू दे वं. या वयात कशाला? डावा पाय मधात येतोच त्यांचा."

ती म्हणाली, "हाव, तेही खरंच आहे," आणि सासूनं सांगून ठेवल्यासारखी डावी चप्पल काढून गाडीत जाऊन बसली. मी तिला शिकवलं. चांगलं शिकवलं. ही जुनी चूक नाही. मंगळवारी मी ती पुन्हा केली, पूर्ण शुद्धीत, आणि या वेळी मागे कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं.