क्लुनीचा बोगदा आणि डाव्या हाताची चटणी

फ्रान्सला जायचं ठरलं ते डॉक्टरमुळे. माझा मुलगा मिलिंद सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्या डोळ्यांचा आजार असा की दिसणं कडेकडेनं विझत आत येतं. औषध नाही. डॉक्टर म्हणाले, रहदारीत सायकल बंद. मिलिंदनं त्यातला ‘रहदारीत’ एवढाच शब्द उचलला आणि बिनरहदारीच्या वाटा शोधत बसला.

सून शुभांगी म्हणाली, “डोळे आहेत तोवर बघून घेऊ दे, आई.”

मी म्हटलं, “बघायचंच तर कराडला चला. तिकीट स्वस्त पडेल.”

कोण ऐकतंय? उलट मलाही बरोबर घेतलं. इथं बुकित तिमाहच्या फ्लॅटमध्ये एकटी ठेवली तर मी गॅस चालू ठेवून झोपेन, अशी त्यांची खात्री.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सिंगापुरात राहायचा पास असला तरी आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतोच, बरेच दिवस आधी लागा. पॅरिसहून वेगाच्या आगगाडीनं माकाँ नावाच्या गावाला उतरायचं. तिथून क्लुनीपर्यंत आणि पुढे डोंगरातून सायकलवाट जाते. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलीय, आपल्या सिंगापुरातल्या रेल कॉरिडॉरसारखी, पण डांबरी. आगगाडीला खडा चढ जमत नाही, म्हणून डोंगर असूनही वाट सौम्य आहे. मोटार फिरकत नाही. फक्त मधे मधे आडवा रस्ता येतो, तिथं वाटेवर लाकडी खांब रोवलेत.

सायकली भाड्यानं मिळतात. माझ्यासाठी पुढे लाकडी पेटी असलेली घेतली, बॅटरीची. पेटीत मी, मागून शुभांगी पायडल मारणार. नात ईरा, नऊ वर्षांची, तिची वेगळी छोटी सायकल. मिलिंद सगळ्यांच्या मागे.

“आई, पेटीत बटाट्याचं पोतं ठेवल्यासारखी दिसतेस,” मिलिंद म्हणाला.

“पोतं बरं, ते उलट बोलत नाही,” मी म्हटलं.

आदल्या दिवशी तिथल्या बाजारात त्यानं गाईच्या गळ्यातली घंटा विकत घेतली होती, ती निघताना माझ्या पेटीला बांधली. गंमत म्हणे. दिवसभर माझ्या कानाशी टणटण. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, चढावर पांढऱ्या धष्टपुष्ट गाई, त्यांच्या गळ्यात काही नाही आणि मी मात्र वाजत चाललेय. समोरून येणारे म्हातारे फ्रेंच टोपी काढून हसत होते. मी घंटा दोनदा काढून ठेवली, दोनदा त्यानं परत बांधली.

खाण्याचं आधीच सांगते, कारण आमचे हाल तिथंच झाले. दुपारी बारा ते दोन एवढंच जेवण मिळतं. दोनला पाच मिनिटं झाली की शेगडी बंद, मग पाया पडा नाहीतर रडा. सोमवारी दुकानंही बंद. आम्ही सोमवारीच निघालो होतो. ब्रेड आणि बकरीच्या दुधाचं चीज खाल्लं. चीज चांगलं आहे, वासाकडे लक्ष देऊ नका.

क्लुनीच्या अलीकडे बोगदा लागतो. मैलभर लांब. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा तारखा बघून जा. आत थंडी अशी की दात वाजतात, आणि दिवे मिणमिणते. आत शिरल्या शिरल्या मिलिंद सायकलवरून उतरला. एका हातानं सायकल, दुसऱ्या हातानं माझ्या पेटीची कड धरली.

“थंडी आहे. चालत जाऊ,” म्हणाला.

सबंध बोगदा असाच चालला. बाहेर ऊन आल्यावर सायकलवर बसला आणि पहिल्याच आडव्या रस्त्याच्या खांबावर सरळ जाऊन आदळला. गुडघा सोलला.

“ऊन डोळ्यावर आलं गं,” म्हणून हसला. ईराही हसली. शुभांगीनं पट्टी बांधली. मीही सोडून दिलं.

रात्रीचा मुक्काम एका शेतकरीणबाईच्या घरात होता. मोठं लाकडी टेबल, वर एकच पिवळा दिवा. बाईनं ताटल्या आणून ठेवल्या. उकडलेले बटाटे, अंडं, हिरव्या शेंगा, सगळं एकमेकांवर, कुठेही. कडेला वाटलेल्या पिवळ्या मोहरीचा मोठा गोळा. मिलिंदनं काटा उचलला, तो गोळा तसाच उचलून तोंडात घातला.

नाकातून पाणी आलं त्याच्या. ईरा खो खो हसली. “पपा, दॅट वन मस्टर्ड लाह!”

मी हसले नाही. बटाटा पांढरा, मोहरी पिवळी, हे चुकायला माणूस दारूत तरी हवा.

मी कराडला तीस वर्षं खाणावळ चालवली. ताट वाढायची माझी रीत बदलत नाही. मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, खाली भात. सिंगापुरातही मी तसंच वाढते. ईरा मला म्हणते, “एनीहाऊ पुट लाह, आजी, पोटात जाऊन मिक्सच होतं.” मी तिला वाढायला हात लावू देत नाही.

तेव्हा त्या टेबलापाशी मी उठले आणि मिलिंदची ताटली ओढली. मोहरी डावीकडे केली, बटाटे खाली, शेंगा उजवीकडे, वर टेबलावरचं मीठ वाढलं. “जेव,” म्हटलं.

तो जेवला. एकदाही हात चुकला नाही. मोहरीचं टोक काट्याला लावून बटाटा खात होता, एखाद्या साहेबासारखा. शुभांगीचा जीव भांड्यात पडला.

तो पाण्याचा ग्लास शोधत होता तेवढ्यात मी ताटली अर्धी फिरवली. आवाज न करता. ईरा काहीतरी बोलणार होती, मी तिच्याकडे बघितलं, ती गप्प बसली. मिलिंदचा काटा खाली आला, जिथे बटाटा होता तिथे. आता तिथे मीठ होतं.

त्यानं मीठ खाल्लं. थुंकला नाही. गिळलं.

“किती दिसतं?” मी विचारलं.

“मधलं दिसतं, आई. दिवसा.”

“मधलं म्हणजे केवढं?”

“बशीएवढं... नाही, आता वाटीएवढं.”

“आणि रात्री?”

शुभांगीनं काटा खाली ठेवला. “तू मला सांगितलंस डॉक्टर म्हणाले जैसे थे आहे,” ती म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हतं. घरात कसं ठाऊक होणार? घरात प्रत्येक खुर्ची जागच्या जागी आणि प्रत्येक जेवणात चटणी डाव्या हाताला. मग मला घंटेचं कळलं. तो गंमत करत नव्हता, तो आवाजामागून येत होता.

पण मला आठवली ती वेगळीच गोष्ट. सिंगापुरात रोज सकाळी हा ईराला मागे बसवून सायकलनं शाळेत सोडतो. कॉरिडॉरवर मोटारी नाहीत खऱ्या, पण शेवटी एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो.

“तो रस्ता तू कशाच्या भरवशावर ओलांडतोस?”

उत्तर ईरानं दिलं, अगदी ऐटीत.

“आम्ही गेम खेळतो, आजी. कार आली की मी सांगते, नसली की ‘गो’ म्हणते. आय नेव्हर मिस वन, ओके.”

शेतकरीणबाई चीज घेऊन आली, आमची तोंडं बघून परत गेली.

शुभांगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ईराला मांडीवर ओढलं, नऊ वर्षांची पोर, पाय जमिनीला टेकत होते, आणि तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मिलिंदची आणि ईराची सायकल भाडेवाला गाडीत घालून घेऊन गेला. पेटीत मिलिंद बसला, गुडघे हनुवटीला लावून. शुभांगी पायडल मारत होती. मी आणि ईरा बसनं माकाँला परतलो. बस स्वस्त आहे, खिडकीतून मळे छान दिसतात. बसमध्ये ईरानं विचारलं, “गेम ओव्हर?” मी हो म्हटलं. तिनं विचारलं, ती हरली का. मी म्हटलं, “नाही.” आणि तिला खिडकीशी बसवलं.

परत येऊन बरेच दिवस झाले. सायकल खालच्या स्टँडवरून गेली. ईरा बसनं शाळेत जाते. वाट कशी आहे विचाराल तर उत्तम आहे, माझ्या वयाच्या बाईनंही पेटीत बसून जावं. पण सोमवारी निघू नका.

मी मात्र आता ताट कसंही वाढते. तीस वर्षांचा हात आहे, आपोआप डावीकडे जातो, तरी मी तो उजवीकडे नेते. आज आमटी वर, उद्या भात बाजूला. शुभांगी म्हणाली, “आई, का छळता त्याला?” मी म्हटलं, ऑफिसात कोण याला ताट वाढायला बसलंय? तिथं अजून कुणाला सांगितलेलं नाही यानं. MRTच्या गाडीतही कुणाला सांगत नाही, लोकांना धडकत येतो.

पहिले काही दिवस तो चाचपून हाताला लागेल तेवढं खाऊन उठला. नुसता भात, नुसती पोळी. मी वाढून दिलं नाही. ईरा सांगायला तोंड उघडायची, मी तिला डोळ्यांनी गप्प करायची. तिचं काम संपलं होतं.

काल जेवताना तो बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसला. मग म्हणाला, “मला दिसत नाही. चटणी कुठे आहे?”

“उजवीकडे, आमटीच्या मागे,” मी म्हटलं, आणि पोळी वाढली.